विक्रीला नसलेलं नाव

यंदा फेब्रुवारीत, एका मंगळवारी, माझ्या धाकट्या भावानं सहा वर्षं सांभाळलेलं एक डोमेन नाव मुदत संपून सुटलं. बुधवारी दुपारपर्यंत ते दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. भावाला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

डोमेन नाव म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीनं मिळतो. जो आधी मागेल त्याचा. दरवर्षी फी भरत राहिलं तर तो आपल्याकडे राहतो. फी चुकली की सवलतीचे काही आठवडे मिळतात आणि मग पत्ता पुन्हा सगळ्यांसाठी खुला होतो. भाऊ पंधरा वर्षं हाच धंदा करत होता.

त्याचं दुकान ग्वाल्हेरच्या पडाव भागात होतं, स्टेशनच्या बाजूला. सुरुवातीला तो फॉर्म भरून द्यायचा, छापील प्रती काढून द्यायचा, रेल्वेची तिकिटं काढायचा. नंतर आसपासच्या हॉटेलांच्या वेबसाइट बनवायला लागला. एका हॉटेलमालकाला स्वतःच्या हॉटेलच्या नावाचा पत्ता हवा होता. तो आधीच परगावच्या कुणीतरी घेऊन ठेवलेला निघाला आणि त्यानं सांगितलेली किंमत मालकाला मोजावी लागली. भाऊ त्या संध्याकाळी खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "ताई, बघ काय गंमत आहे. हॉटेल याचं, पत्ता त्याचा. आणि त्यानं ग्वाल्हेर कधी पाहिलंही नाही."

पुढच्या महिन्यात त्यानं पहिली चार नावं घेतली.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानाचा मालक त्याचा भागीदार झाला. दोघांची रीत वेगळी होती. भागीदार सकाळी वर्तमानपत्र उघडायचा आणि त्यातून नावं काढायचा. नवा उड्डाणपूल, नवी योजना, निवडणुकीचा नवा उमेदवार. नाव घ्यायचं, महिन्याच्या आत ज्याला गरज असेल त्याला विकायचं, नाही विकलं तर सोडून द्यायचं. मी त्या वेळी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर होते. भागीदारानं एकदा मला फोन करून विचारलं होतं, "दीदी, कल क्या छप रहा है? बस इशारा कर दो." मी फोन ठेवला. भावानं नंतर माझी माफी मागितली आणि भागीदाराला समज दिली. पण तो हसत राहिला.

भाऊ घाई करत नसे. साधे, छोटे, रोजच्या वापरातले शब्द तो घेऊन ठेवायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायचा. रिकाम्या पत्त्यावर जाहिरातींचं एक पान लावलेलं असायचं. त्यातून फी निघाली तरी पुष्कळ, असं त्याचं म्हणणं होतं. दुकानात यावरून रोज वाद चालायचा. मी स्वतः ऐकलेला एक असा:

"नाम दूध है दूध," भागीदार म्हणाला. "शाम तक बेचो, नहीं तो फट जाएगा."

"नहीं भई, मुरंबा है. जितना रखोगे उतना अच्छा."

"तुम दक्खिनी लोग हर चीज़ मर्तबान में डालते हो. खाएगा कौन इतना मुरब्बा? पोते?"

भावाच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. भागीदाराच्या ते बोलून गेल्यावर लक्षात आलं. त्यानं बाहेर तोंड काढून चहा सांगितला आणि मला विचारलं, "दीदी, शक्कर कम ना?"

तिसरी रीत दोघांनी मिळून काढली होती. गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून पत्ता घ्यायचा, त्यावर चार पानांची साइट उभी करायची आणि ती दुकानदाराला वर्षाच्या भाड्यानं द्यायची. तीळगुळाची गजक बनवणारे, दगडाच्या जाळ्या कोरणारे, सतरंज्यांचे व्यापारी. दुकानाचा खर्च यावरच चालायचा. एक गोष्ट मात्र भाऊ करत नसे. दुसऱ्याच्या चालत्या दुकानाचं नाव आधी पळवून मग त्यालाच विकणं त्याला पटायचं नाही. भागीदारानं एका उमेदवाराचं नाव असंच घेतलं होतं. ते भावानं त्या उमेदवाराच्या माणसांना फुकट देऊन टाकलं. दोघे आठ दिवस बोलत नव्हते.

लग्नाच्या अकराव्या वर्षी भावजयीला दिवस गेले. भावजय ग्वाल्हेरचीच, एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवणारी. मला ती "वन्सं" म्हणते. हल्ली असं म्हणणारं आमच्या नात्यात दुसरं कुणी नाही.

बाळ येण्याआधी बाळासाठी काहीही विकत आणायचं नाही, हा नियम आमच्याकडे होता आणि तिच्या माहेरीही होता. तिनं तो कसोशीनं पाळला. डोहाळजेवणाला तिच्या मावशीनं लोकरीचं टोपरं विणून आणलं तर तिनं ते घरात येऊ दिलं नाही. मावशीनं ते पिशवीत घालून परत नेलं. दुपटी जुन्या साड्यांची करायची ठरलं होतं, तीही बाळ झाल्यावर शिवायची. नावही ठरवायचं नव्हतं. नाव आत्यानं ठेवायचं आणि ते बारशालाच सांगायचं. आत्या मी एकटीच होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, भावाचा डेस्कवर फोन आला.

"ताई, नाव ठरवलंस?"

"ठरवलं असलं तरी तुला सांगणार नाही."

"सांग ना. मी कुणाला नाही सांगणार."

"बारशाला कळेल."

"अगं, बारशापर्यंत राहील तर ना! पत्ता आज मोकळा आहे, कल का भरोसा नाही. मुलगी असो, मुलगा असो, बाळाला स्वतःचा पत्ता असला पाहिजे. आपल्या घरात मी हजार लोकांचे पत्ते घेऊन बसलो आणि माझ्याच पोराचा नाही?"

"आधी काही घ्यायचं नसतं."

"ही काय वस्तू आहे? ना कपाटात ठेवायची, ना अंगावर घालायची. हवेतली गोष्ट आहे, ताई."

समोर शहराचं पान उघडं होतं आणि ते छपाईला सोडायला पंधरा मिनिटं उरली होती. मी त्याला दोन नावं सांगितली, एक मुलाचं आणि एक मुलीचं. तो लाइनवर थांबला. मुलाच्या नावाचा पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला होता. मुलीचा मोकळा होता. "घेतला," तो म्हणाला. "हिला सांगू नकोस." मी पान सोडलं.

एकोणीस दिवसांनी, आठव्या महिन्यात, भावजयीला मृत मुलगी झाली. सकाळी दहाच्या आसपास डॉक्टरांनी सांगितलं. हॉस्पिटलच्या कागदावर बाळाच्या नावाच्या जागी आईचं नाव आणि त्यापुढे "की बच्ची" एवढंच होतं. बारसं नसल्यामुळे नाव नव्हतं. भाऊ, भागीदार आणि आमचे एक चुलते असे तिघं जण दुपारी तिला पुरून आले. धुकं दिवसभर होतं. भागीदार त्या संध्याकाळी माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला. "ताई, जेवून घ्या," म्हणाला.

पुढच्या डिसेंबरात भावानं नावाची फी भरली. हे मला त्यानंच सांगितलं, एका वाक्यात. त्या पत्त्यावर काही नव्हतं. जाहिरातींचं पानही त्यानं लावलं नव्हतं. उघडलं तर पांढरी खिडकी दिसायची. भावजयीला माहीत नव्हतं. सांगायचं की नाही यावर आम्ही कधी बोललो नाही.

चौथ्या वर्षी एका दलालाची मेल आली. त्याच्या पक्षकाराला ते नाव हवं होतं. पक्षकार कोण ते त्यानं लिहिलं नव्हतं. भावानं मला फूलबागेत बोलावलं, फोन दाखवला. देऊ केलेली रक्कम त्यानं तोवर विकलेल्या कुठल्याही नावापेक्षा मोठी होती.

"काय लिहिलंस?"

"विक्रीला नाही."

दलालानं रक्कम वाढवली. भावानं तेच उत्तर पुन्हा पाठवलं. असं तीनदा झालं. या धंद्यात "विक्रीला नाही" हे किंमत वाढवण्याचं जुनं वाक्य आहे. समोरचा तसंच समजतो. भागीदारालाही कुठून तरी कळलं. तो दुकानात सगळ्यांसमोर टाळी मागत म्हणाला, "वाह रे दक्खिनी! मैं समझता था तू सीधा है. अब कितने पे छोड़ेगा?" भावानं टाळी दिली. मी तिथे होते. घरी जाताना तो म्हणाला, "त्याला काय सांगू?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये भाऊ दुकानातच गेला. हृदयविकाराचा झटका, दुपारी चारच्या सुमारास. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत संपलं होतं.

दिवस झाल्यावर कागदपत्रांचं काम मी घेतलं. भावजय त्या स्थितीत नव्हती आणि मला अशी कामं क्रमानं करायची सवय आहे. मृत्यूचे दाखले, बँक, गॅस, विजेचं मीटर, दुकानाचा करार. भावाचा मोबाइल नंबर मी ऑगस्टच्या शेवटी बंद केला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, नंबर चालू रखना है किसी के नाम पे?" मी नाही म्हणाले. त्याचा फोन कुलूपबंद होता, सांकेतिक अंक कुणालाच ठाऊक नव्हते. तो मी एका डब्यात ठेवला.

धंद्याच्या सगळ्या नावांचं खातं दोघांच्या नावानं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी भागीदारानं त्यांची यादी भावजयीकडे आणून दिली. प्रत्येक नावापुढे किंमत, भाडेकरू आणि पुढे काय करावं याचा त्याचा सल्ला होता. यादी व्यवस्थित होती. तिच्यात ते नाव नव्हतं. ते भावानं वेगळ्या खात्यात ठेवलं होतं, स्वतःच्या मेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर. मी त्या नावाची, इंटरनेटवर कुणालाही बघता येते ती नोंद तपासली. मालकाचं नाव लपवलेलं होतं, मुदतीची तारीख दिसत होती. आठ दिवस उरले होते.

वारस म्हणून अर्ज भावजयीलाच करावा लागणार होता, म्हणून तिला सांगावं लागलं. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. मी सगळं क्रमानं सांगितलं.

"कुठलं नाव?" तिनं विचारलं.

मी नाव उच्चारलं.

तिनं ते एकदा हळू म्हणून पाहिलं. मग विचारलं, "हे कधी ठरवलंत, वन्सं?"

"आठवा लागला तेव्हा."

"आणि घेतलं कधी?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे किती दिवस आधी?"

"एकोणीस."

तिनं सोललेले वाटाणे आणि सालं एकाच ताटात टाकली. "मावशीचं टोपरं मी दारातनं परत पाठवलं," ती म्हणाली. "ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आणि तुम्ही दोघांनी फोनवर बाजार केलात."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ते जाऊ देऊ नका. दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही ते."

ते खरं होतं. जन्माची नोंद नव्हती, बारसं नव्हतं, पत्रिका नव्हती. ते तिचं नाव आहे हे माहीत असलेली माणसं तीन होती. त्यातला एक गेला होता आणि एकीला कळून तीन दिवस झाले होते.

फी भरायलाही खात्यात शिरावं लागत होतं आणि त्यासाठी भावाच्या नंबरवर ओटीपी येत होता. आम्ही तो नंबर लावला. तो वाजला. बंद केलेला नंबर तीन महिन्यांनी दुसऱ्याला देतात हे मला माहीत नव्हतं. फोन उचलणारा शहरातल्याच मुरार भागातला होता, लोडिंग टेम्पो चालवायचा. मी त्याला सगळं समजावलं. भाऊ गेला, नंबर त्याचा होता, आता तुम्हाला सहा आकडे येतील, तेवढे सांगा.

"मॅडम," तो म्हणाला, "ओटीपी किसी को नहीं बताते. अखबार में रोज़ छपता है."

"मी... मैं अखबार में ही थी. हम ही छापते थे."

"हाँ, सब यही बोलते हैं. कोई बैंक वाला है, कोई अखबार वाला."

भावजयीनं फोन घेतला. "भैया, तुमच्या घरी येते. आपके सामने बैठके करूँगी. मेरी लड़की का..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावल्यावर लागला नाही. त्यानं आमचे दोन्ही नंबर ब्लॉक केले होते. भागीदारानं आपल्या फोनवरून प्रयत्न केला. त्यालाही तेच उत्तर मिळालं, वर एक शिवी.

भागीदाराला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते नाव कशाचं होतं. तो दुकानाच्या स्टुलावर बसून होता. "मैंने ताली मारी थी," तो म्हणाला. मग उठून त्यानं, जिच्याकडे नाव नोंदलेलं होतं त्या कंपनीला लिहायची मेल स्वतः टाइप करायला घेतली.

नोंदणी कंपनीशी पत्रव्यवहार डिसेंबर आणि जानेवारीभर चालला. भावजयीनं मृत्यूचा दाखला पाठवला, लग्नाचा दाखला पाठवला, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून पाठवलं. दरम्यान मुदत संपली. सवलतीचे दिवस सुरू झाले. कंपनीची उत्तरं नम्र होती. प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या माणसाचं नाव असायचं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कळवलं की पाठवलेला मृत्यूचा दाखला खातेदाराचा नाही. फी भरणारी व्यक्ती आणि खातेदार वेगळे आहेत. नाव हस्तांतरित करायचं तर खातेदाराची लेखी संमती लागेल, किंवा खातेदार हयात नसल्यास खातेदाराच्या मृत्यूचा दाखला, आणि दोन्ही बाबतीत खातेदाराचं ओळखपत्र.

आम्ही विचारलं, खातेदार कोण आहे?

उत्तर यायला चार दिवस लागले. गोपनीयतेच्या नियमामुळे ते सांगता येत नव्हतं. भावजयीनं मग स्वतःच नाव लिहून विचारलं, हेच का? तिनं मुलीचं नाव, मधे वडिलांचं नाव, पुढे आडनाव असं लिहिलं. त्यावर होकार आला. भावानं सहा वर्षांपूर्वी, त्या संध्याकाळी, मी लाइनवर असताना, मालकाच्या रकान्यात तिचं नाव भरलं होतं.

ओळखपत्र नव्हतं. हॉस्पिटलच्या कागदाची प्रत भावजयीनं पाठवली, सोबत भाषांतर आणि एक पानाचं पत्र. पत्र तिनं मला दाखवलं नाही. कंपनीनं कळवलं की कागदावर खातेदाराचं नाव नाही, त्यामुळे तो ग्राह्य धरता येत नाही. झालेल्या नुकसानीबद्दल त्यांनी दुःख व्यक्त केलं होतं.

फेब्रुवारीत नाव सुटायच्या दिवशी भागीदार सकाळपासून दुकानात बसून होता. सुटलेली नावं पकडणाऱ्या सेवा असतात, त्यातल्या एका सेवेवर त्यानं बोली लावून ठेवली होती. भावजयीनं रजा घेतली होती. ती दुकानात आली, भावाच्या खुर्चीत न बसता बाकावर बसली. दुसऱ्या सेवेनं नाव आधी पकडलं. भागीदार म्हणाला, "भाभी, निकल गया." तिनं विचारलं, "किसके पास?" ते दिसत नव्हतं. बुधवारी दुपारपर्यंत नोंद बदलली, पुन्हा मालकाचं नाव लपवलेलं होतं. चौकशीसाठी पाठवलेल्या दोन मेलना उत्तर आलं नाही. त्या पत्त्यावर सध्या काही उघडत नाही.

मार्चमध्ये कंपनीनं तक्रार बंद केली. तशी मेल भावजयीला आली, इंग्रजीत. तिनं ती मला पाठवली आणि छापील प्रत काढून आणायला सांगितली, चांगल्या कागदावर. मी फूलबागेजवळच्या एका दुकानातून ती काढून आणली. तिनं चष्मा लावून ती वाचली आणि ठेवून घेतली. प्रतीवर तीन ओळी आहेत: तक्रारीचा क्रमांक, बंद केल्याची तारीख आणि खातेदाराचं पूर्ण नाव.